कोरलेले पान, उलटणारा हात : ‘आवाज’च्या खिडकीचित्रांची वाचनमीमांसा

१

मराठी दिवाळी अंकांचा विचार वाङ्मयीन समीक्षेने बहुधा त्यांतील मजकुरापुरता केला आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेथपासून कोणत्या अंकात कोणाची कथा आली, कोणत्या परिसंवादाने कोणता वाद उभा केला याच्या नोंदी इतिहासकारांनी केल्या. अंक नावाची वस्तू मात्र, म्हणजे तिचा कागद, तिची घडी, तिची बांधणी आणि तिचे मुखपृष्ठ, या नोंदींच्या बाहेर राहिली. मुखपृष्ठाचा उल्लेख झालाच तर तो चित्रकाराच्या गौरवासाठी होतो : दीनानाथ दलालांचे ‘दीपावली’, रघुवीर मुळगावकरांचे ‘रत्नप्रभा’. वाचकाचा हात त्या वस्तूशी काय करतो आणि ती वस्तू त्या हाताकडून काय करवून घेते, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत आलेला दिसत नाही.

या दुर्लक्षाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मधुकर पाटकर यांनी १९५१ साली सुरू केलेल्या ‘आवाज’ या विनोदी दिवाळी अंकातील खिडकीचित्रे. पानाला भोक पाडून मागच्या पानावरील चित्राचा तुकडा पुढच्या चित्रात गोवायचा, त्या संयोगातून एक चावट अर्थ सुचवायचा आणि पान उलटताच तो अर्थ कोसळवून एखादे निरुपद्रवी दृश्य पुढे ठेवायचे, ही ती युक्ती. चंद्रशेखर पत्कींसारख्या व्यंगचित्रकारांच्या रेषेतून तिने ‘आवाज’ला महाराष्ट्रभर ओळख मिळवून दिली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांना या अंकातील एखादी कथा आठवणार नाही, पण खिडकी आठवते. समीक्षेने या लोकप्रियतेला दोनच उत्तरे दिली आहेत : नैतिक नापसंती किंवा स्मरणरंजन. पहिले उत्तर तिला चावटपणा म्हणते, दुसरे गंमत. आणि ही दोन्ही उत्तरे तिच्या घाटाचा विचार टाळतात. प्रस्तुत विवेचनाचा रोख त्या घाटाकडे आहे. खिडकी ही वाचनाची एक पद्धती आहे आणि तिच्यात वाचकाला विशिष्ट प्रकारे गोवून घेण्याची एक योजना आहे, असे येथे प्रतिपादायचे आहे. त्या योजनेचे मूल्यमापन करता येण्यासाठी प्रथम तिची रचना नीट पाहिली पाहिजे.

२

खिडकीचित्र म्हणजे भोक असलेले एक चित्र, असे वर्णन अपुरे आहे. या रचनेत चार पृष्ठे गुंतलेली असतात. अंक उघडल्यावर डावीकडे एक पृष्ठ असते. उजवीकडे कोरलेल्या पानाची दर्शनी बाजू असते. त्या पानाला त्याची पाठ असते. आणि त्याच्या मागे, भोकातून अंशतः दिसणारे, चौथे पृष्ठ असते. पान उलटण्यापूर्वी भोकातून चौथ्या पृष्ठाचा तुकडा दिसतो. पान उलटल्यानंतर तेच भोक डाव्या बाजूला जाते, त्याची आकृती आरशातल्याप्रमाणे उलटी होते आणि त्यातून आता पहिल्या पृष्ठाचा तुकडा दिसू लागतो. म्हणजे एकच छिद्र दोन वेळा, दोन दिशांनी, दोन वेगळ्या चित्रांची चौकट होऊ शकते. या दुसऱ्या शक्यतेचा उपयोग झाला की खिडकीला खरी गुंतागुंत प्राप्त होते. तो न झाल्यास उलटलेल्या पानावर एक निरर्थक भोक उरते आणि ते चित्राच्या आड येते.

या रचनेला तंत्राची किंमत मोजावी लागते. छपाई झाल्यानंतर कागद कापण्याची निराळी प्रक्रिया करावी लागते; लाकडी फळीत बसवलेली पोलादी पाती कागदावर दाबून हवा तो आकार काढला जातो. हा आकार मागच्या पानावरील नेमक्या जागेशी जुळावा लागतो. घडी, शिवण आणि अखेरची कटाई या टप्प्यांत पान किंचित जरी सरकले तरी भोकातून दिसायचा तो तुकडा दिसत नाही आणि दडवायचा तो दिसतो. विनोद मिलिमीटरावर अवलंबून असतो. व्यंगचित्रकाराची रेषा, छापखान्यातील कामगाराचे हात आणि बांधणी या तिघांच्या सहकार्यावाचून जो अर्थ सिद्धच होत नाही, त्या अर्थाचा कर्ता कोण, हा प्रश्न वाङ्मयीन समीक्षेला अपरिचित नसला तरी इतक्या मूर्त स्वरूपात तो क्वचितच समोर येतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मुखपृष्ठाचे कार्य झाकण्याचे आणि सुचवण्याचे असते. आत काय आहे याचे आश्वासन ते देते आणि आत जाण्यासाठी स्वतः दूर सारले जाते. खिडकीने हे कार्य अंकाच्या पोटात नेले. कोरलेले प्रत्येक पान हे आपल्या मागच्या पानाचे मुखपृष्ठ बनते. एरवी अंकाला एकच दार असते. येथे ठिकठिकाणी दारे आहेत. म्हणूनच या युक्तीचा विचार मुखपृष्ठाच्या विचारापासून वेगळा काढता येत नाही.

शि. द. फडणीसांच्या मुखपृष्ठांशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. ‘मोहिनी’च्या १९५२ च्या दिवाळी अंकावरील त्यांच्या प्रसिद्ध चित्रात तरुण-तरुणीच्या कपड्यांवरील मांजरे आणि उंदीर यांच्यातच नाट्य घडते. तो विनोद शब्दाविना आहे आणि एकाच प्रतलावर, एकाच दृष्टिक्षेपात, सर्वच्या सर्व उपस्थित आहे. पाहणाऱ्याने तो उलगडायचा असतो, पण त्यासाठी कागदाला हात लावण्याची गरज नसते. खिडकीचा विनोद काळात विभागलेला आहे. त्याला आधी आणि नंतर आहे आणि या दोहोंच्या मध्ये वाचकाची एक शारीरिक कृती आहे. या अर्थाने फडणीसांचे चित्र चित्रकलेच्या जवळ राहते, तर खिडकी कथनाच्या जवळ जाते.

३

या कथनाचे स्वरूप ओळखण्यासाठी पाश्चात्त्य परिभाषेकडे वळण्यापूर्वी अलंकारशास्त्राकडे वळणे उपकारक ठरेल. शालेय व्याकरणातून परिचित असलेली अपह्नुती म्हणजे उपमेयाचा निषेध करून उपमानाची स्थापना करणे. सोळाव्या शतकातील अप्पय्य दीक्षितांनी ‘कुवलयानंद’ या ग्रंथात तिचे अनेक भेद सांगितले. त्यांतील दोन येथे महत्त्वाचे आहेत. भ्रांतापह्नुतीत दुसऱ्याला झालेला भ्रम खरी वस्तुस्थिती सांगून दूर केला जातो. छेकापह्नुतीत, म्हणजे चतुराच्या अपह्नुतीत, दुसऱ्याला शंका आली म्हणून खरी गोष्टच लपवली जाते. नायिका सखीशी बोलताना असे काही वर्णन करते की ते प्रियकराचेच वाटावे. सखी तसे विचारते. नायिका तत्काळ म्हणते की छे, पैंजणाविषयी बोलत होते. अमीर खुस्रोच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या हिंदीतील कहमुकऱ्यांची रचनाही हीच आहे.

या दोन भेदांतील अंतर सत्याच्या स्थानाचे आहे. पहिल्यात निषेध सत्य असतो. दुसऱ्यात निषेध असत्य असतो आणि तो असत्य आहे हे बोलणारी, ऐकणारी आणि वाचणारा या तिघांनाही ठाऊक असते. आता खिडकीकडे पाहावे. या जातीच्या चित्राचा सर्वसाधारण साचा असा : भोकातून मांसल वळणाचा भास होतो, भोवतालच्या चित्रातील माणसांचे चेहरे त्या भासाला दुजोरा देतात, आणि पान उलटल्यावर ते वळण कोणाच्या कोपराचे, टकलाचे किंवा एखाद्या भांड्याचे निघते. वरवर पाहता ही भ्रांतापह्नुती आहे. वाचकाला भ्रम झाला होता, चौथ्या पृष्ठाने तो दूर केला, सत्य प्रकट झाले. परंतु तो भ्रम काही वाचकाच्या मनात आपोआप उपजलेला नव्हता. व्यंगचित्रकाराने तो आधी रेखाटला, त्याच्या मापाने भोक पाडवून घेतले आणि मग त्यावर निरुपद्रवी स्पष्टीकरण रचले. रचनेच्या क्रमात चावट अर्थ मूळचा आणि निर्दोष अर्थ नंतरचा आहे. वाचनाच्या क्रमात मात्र निर्दोष अर्थाला अंतिम सत्याचा मान मिळतो. तात्पर्य, खिडकी ही भ्रांतापह्नुतीचा वेष घेतलेली छेकापह्नुती आहे. तिची सारी लज्जत आणि तिचा सारा नैतिक पेच या वेषांतरात आहे.

मराठी लोकपरंपरेला ही चाल नवीन नाही. तमाशातील गवळण आणि सवालजवाब, शृंगारिक लावणी आणि १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून पुढे आलेल्या दादा कोंडक्यांच्या चित्रपटांतील संवाद या सर्वांनी द्व्यर्थाचा आश्रय घेतला. त्यात बोलणाऱ्याला नेहमीच एक पळवाट असते : अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात आहे, शब्दात नाही. परीक्षण मंडळाला शब्द कापता येतो, मन कापता येत नाही. ‘आवाज’ने ही मौखिक पळवाट कागदाच्या भाषेत आणली. फरक एवढाच की तमाशाच्या फडात हसणाऱ्यांचा समूह असतो आणि त्या समूहात प्रत्येकाचा संशय वाटून घेतला जातो. अंकाच्या पानापुढे वाचक एकटा असतो आणि संशयाची सगळी जबाबदारी त्याच्यावर येते.

४

वाचककेंद्री समीक्षेच्या परिचयानंतर खिडकीला वोल्फगांग इझरच्या रिक्त जागांचे मूर्त रूप म्हणण्याचा मोह होण्यासारखा आहे. संहितेत काही जागा अनिर्धारित असतात, वाचक त्या आपल्या कल्पनेने भरतो आणि त्यातून अर्थ सिद्ध होतो, ही इझरची मांडणी. येथे तर पानाला प्रत्यक्ष भोकच आहे. परंतु हे साम्य फसवे आहे. इझरची रिक्त जागा वाचकाला जाणवते. जाणवते म्हणूनच तो ती भरायला प्रवृत्त होतो. यशस्वी खिडकीत भोक जाणवतच नाही. मागच्या पानाचा तुकडा पुढच्या चित्रात असा बेमालूम बसतो की वाचकाला अखंड पृष्ठ दिसते. त्याची कल्पनाशक्ती रिकामी जागा भरत नाही. भरून दिलेली जागा ती अधिक ताणते, तुकड्यावरून अख्खा देह रचते. खिडकीतील जागा खोट्या पुराव्याने आधीच भरलेली असते.

यातून वाचनाविषयी एक गंभीर गोष्ट निष्पन्न होते. पान हे एकसंध असते, एका पृष्ठावर जे दिसते ते त्याच पृष्ठाचे असते, हा मुद्रित संस्कृतीचा न बोललेला करार आहे. खिडकी तो करार मोडते आणि मोडल्याचे दाखवूनही देते. शेजारी शेजारी दिसणाऱ्या दोन गोष्टी एकाच संदर्भातल्या असतातच असे नाही. संदर्भापासून तोडलेला तुकडा कोणत्याही चौकटीत बसवला की नवा अर्थ देतो. वृत्तपत्रांतील कापलेली छायाचित्रे आणि अर्धी अवतरणे यांच्या युगात हा धडा क्षुल्लक नाही. ‘आवाज’च्या वाचकाला तो दरवर्षी हसतखेळत मिळत होता, हे त्या अंकाचे अनपेक्षित श्रेय मानावे लागेल.

५

असे असले तरी हा धडा कोणाच्या देहावर गिरवला गेला, हा प्रश्न उरतोच. भोकातून सुचवला जाणारा देह बहुतांशी स्त्रीचा असतो आणि पाहणारा पुरुष आहे असे गृहीत धरलेले असते. स्त्रीचा देह तुकड्यांत पाहण्याच्या ज्या सवयीचे विश्लेषण लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली चित्रपटाच्या संदर्भात केले, ती सवय खिडकीत अक्षरशः कात्रीने कापून काढलेली आहे. खिडकीचे समर्थक यावर सांगतात की शेवटी तेथे काहीच नसते. उलट पाहणाऱ्याचीच फजिती होते. हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. वखवखलेल्या नजरेला कोपर आणि टक्कल हाती येते, तेव्हा ती नजर हास्यास्पद ठरते, हे नाकारता येत नाही. परंतु फजिती होण्यासाठी ती नजर आधी जागवावी लागते, तिला खाद्य पुरवावे लागते, आणि अंक विकला जातो तो त्या खाद्यावर. नंतर दिलेले निर्दोषत्व हे पूर्वी घेतलेल्या सुखाची पावती फाडून टाकण्यासारखे असते.

शिवाय दिवाळी अंक घरात येतो. एकच प्रत सासरे, सून, शाळकरी मुलगा आणि आजी यांच्या हातांतून फिरते. या प्रत्येकाला खिडकी एकच प्रश्न विचारते, पण प्रत्येकाला मिळणारी मुभा सारखी नसते. पुरुषाने चुकीचा अर्थ लावला तर ते रसिकपण. सुनेने तो लावल्याचे चेहऱ्यावर दिसले तर तो उघडेपणा. छेकापह्नुतीत शंका घेणारी सखी आणि उत्तर देणारी नायिका या दोघीही स्त्रिया आहेत आणि त्यांच्यातील गुपित परस्परांच्या संमतीचे आहे. खिडकीने हे गुपित स्त्रियांच्या बोलण्यातून काढून पुरुषाच्या पाहण्यात ठेवले. रूप तेच राहिले, सत्ता हलली. विनोदाचा विषय म्हणून स्त्री सर्वत्र आहे. विनोद करणारी वा समजून घेणारी म्हणून तिला या रचनेत जागा ठेवलेली नाही. मराठीतील ‘बायजा’ आणि १९८९ पासूनचे ‘मिळून साऱ्याजणी’ यांसारख्या नियतकालिकांनी घडवलेल्या वाचकदृष्टीपुढे खिडकीला याचे उत्तर द्यावे लागते.

यावरून मूल्यमापनाचा एक निकष मांडता येईल. ज्या खिडकीत दुसरे चित्र हे केवळ पहिल्याची सबब असते, ती एकदा उलटली की संपते. ज्या खिडकीत दुसरे चित्र पहिल्याकडे परत पाठवते, पहिल्या चित्रातील पाहणाऱ्यांचे चेहरे, त्यांची घाई, त्यांचे सोवळेपण यांना नवा अर्थ देते, ती पुन्हा पाहता येते. पहिली देहावर हसते, दुसरी नजरेवर. ‘आवाज’च्या परंपरेत दोन्ही प्रकार आहेत आणि त्या दोहोंना सरसकट गंमत वा सरसकट चावटपणा म्हणणे ही समीक्षेची आळशी सवय आहे.

६

हात लावायला लावणाऱ्या मुखपृष्ठांची परंपरा अन्यत्रही आहे. १९४७ साली पॅरिसमधील अतिवास्तववाद्यांच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेवर मार्सेल द्युशाँने फोमरबराचा स्तन बसवला आणि ‘कृपया स्पर्श करा’ अशी सूचना छापली. संग्रहालयातील ‘हात लावू नका’ या पाटीचे ते विडंबन होते. त्यात सूचना उघड आहे आणि म्हणून संशयाला वाव नाही. खिडकी ज्या ओशाळलेपणावर जगते ते तेथे उद्भवतच नाही. अमेरिकेतील ‘मॅड’ मासिकात अल जॅफी यांनी १९६४ पासून शेवटच्या पानाची जी घडी रूढ केली, ती ‘आवाज’ला अधिक जवळची आहे. इतर श्रीमंत मासिके लांबलचक रंगीत पाने बाहेर उलगडत होती, म्हणून ‘मॅड’ने पान आत दुमडायला लावले. चित्राचा मधला भाग नाहीसा झाला की दोन कडा जुळून वेगळेच चित्र आणि वेगळेच वाक्य तयार होई, आणि ते बहुधा मूळ चित्राचा ढोंगीपणा उघडा पाडी. तेथे पहिले चित्र सोज्ज्वळ आणि दुसरे बोचरे असते. ‘आवाज’मध्ये क्रम उलटा आहे : पहिले बोचरे, दुसरे सोज्ज्वळ. एक रचना सभ्यतेखालचे असभ्य सत्य दाखवते, दुसरी असभ्य शंकेवर सभ्यतेचे पांघरूण घालते. दोन समाजांतील विनोदाचे दोन करार या क्रमभेदात वाचता येतात.

याउलट ‘नॅशनल जिओग्राफिक’ने मार्च १९८४ च्या अंकावर छापलेला गरुडाचा होलोग्राम किंवा ‘एस्क्वायर’ने २००८ साली मुखपृष्ठात बसवलेला लुकलुकणारा इलेक्ट्रॉनिक कागद घ्यावा. त्यांत तंत्र नवे आहे, पण हाताच्या कृतीने अर्थात काही बदल होत नाही. गरुड हलवला तरी गरुडच राहतो. ज्या कृतीवाचून अर्थ पूर्ण होत नाही ती कृती घाटाचा भाग असते. जिच्यावाचून अर्थ पूर्णच असतो ती केवळ शोभा. या कसोटीवर एका सामान्य भोकाने केलेले काम महागड्या तंत्रापेक्षा सरस ठरते.

७

या घाटाचे भवितव्य मात्र ग्रंथालयांच्या कपाटात ठरते. मुंबई–पुणे आणि मुंबई–गोवा हे मार्ग जेथे फुटतात, त्या पनवेलसारख्या गावाचा विचार करावा. १९७० नंतर सिडकोने आणि १९७३ साली खुल्या झालेल्या ठाणे खाडीवरील पुलाने ते मुंबईच्या जवळ ओढले, २०१६ साली तेथे महानगरपालिका झाली. परंतु अशा गावांत दिवाळी अंक विकत घेणाऱ्यांच्या बरोबरीने तो वाचनालयातून घरी नेणाऱ्यांचाही वाचकवर्ग राहिला आहे. पनवेलचे के. गो. लिमये सार्वजनिक वाचनालय किंवा १९६७ च्या कायद्याच्या आधाराने महाराष्ट्रात उभी राहिलेली शेकडो वाचनालये यांच्याकडे फिरणारी प्रत ही विकत घेतलेल्या प्रतीहून वेगळी संहिता असते. तिच्यातील खिडकी अनेक हातांनी उलटलेली असते. भोकाच्या कडा आधी मऊ होतात, मग फाटतात. फाटलेल्या भोकातून मागचे चित्र हवे त्याहून अधिक दिसते आणि विनोद आपोआप फुटतो. दहाव्या वाचकाला भ्रम उरत नाही; त्याला उरतो तो आधीच्या नऊ जणांच्या उत्सुकतेचा पुरावा.

ही प्रत टिकवायची कशी? हंगाम संपल्यावर जुने अंक रद्दीत जाणे ही सर्वत्रची रीत आहे. जे बांधून ठेवले जातात, त्यांची शिवण घट्ट होते आणि पान पूर्ण उलटत नाही. संगणकीय प्रतिमा काढून ठेवण्याचा मार्ग सुचवला जातो, पण तो येथे विशेष अपुरा आहे. कोरलेल्या पानाची प्रतिमा काढताना मागे चौथे पृष्ठ ठेवले तर भोक दिसत नाही. कोरा कागद ठेवला तर चित्र अर्थहीन होते. पहिल्या पद्धतीने फक्त भ्रम जतन होतो, दुसऱ्या पद्धतीने फक्त यंत्रणा. दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवल्या तरी त्यांच्यामधला उलटण्याचा क्षण, ज्यात अर्थ घडतो आणि वाचक पकडला जातो, तो प्रतिमेत येत नाही. निदान नोंद करताना अशा पानाची चारही पृष्ठे, छिद्राचे माप आणि त्याची दोन्ही बाजूंची दृश्ये स्वतंत्रपणे नोंदवली जाणे आवश्यक आहे. आजच्या सूचींत लेखक, शीर्षक आणि पृष्ठांक यांना रकाने आहेत. भोकाला रकाना नाही.

मराठी समीक्षेने संहितेची व्याख्या छापलेल्या शब्दांपुरती मर्यादित ठेवल्याचा हा परिणाम आहे. साठच्या दशकातील लघुनियतकालिकांनी चक्रमुद्रित, खडबडीत कागदाची भूमिका म्हणून मांडणी केली, तेव्हा त्या कागदीपणाची दखल घेतली गेली, कारण तो विद्रोहाच्या बाजूने उभा होता. लोकप्रिय अंकातील कागदीपणाला असे भाग्य लाभले नाही. परंतु कागदाने अर्थ घडवण्याचे कार्य दोन्हीकडे सारखेच चालते आणि ‘आवाज’च्या बाबतीत ते किती तरी अधिक वाचकांच्या हातून घडले आहे. त्या वाचकांना काय दाखवले गेले, काय लपवले गेले आणि त्यांच्यातील कोणाला शंका घेण्याचा अधिकार होता, हे समजून घ्यायचे तर ती पाने शाबूत असली पाहिजेत आणि ती उलटून पाहिली पाहिजेत. खिडकीचा निवाडा तिच्या नावाने नव्हे, एकेका पानावर करावा लागेल.